बुडण्याआधी वीज गेली : जुन्या युद्धनौकांच्या पोटात वायरिंगचं जाळं नेमकं कसं असायचं?

१० डिसेंबर १९४१. मलायाच्या पूर्व किनाऱ्यावर कुआंतानजवळचा समुद्र. ब्रिटनची 'एचएमएस प्रिन्स ऑफ वेल्स' ही जेमतेम वर्षभर जुनी युद्धनौका 'रिपल्स' या दुसऱ्या युद्धनौकेसोबत निघाली होती. जर्मनीच्या 'बिस्मार्क'शी ती लढली होती. पंतप्रधान चर्चिल याच नौकेतून अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट यांना भेटायला गेले होते. कमरेभोवती जवळपास १५ इंच जाडीचं पोलादी चिलखत असलेली ही नौका सहजासहजी बुडणार नाही, असं मानलं जायचं.

सकाळी पावणेबाराच्या सुमारास जपानी विमानांनी टाकलेला एक टॉर्पेडो मागच्या बाजूला, डावीकडच्या बाहेरच्या प्रोपेलरच्या दांड्याजवळ आदळला. वेगात फिरणारा तो अवजड दांडा वाकडा झाला आणि फिरता फिरता आजूबाजूच्या भिंती आणि पाणी अडवणारे सील फाडत गेला. त्या वाटेनं पाणी आत घुसलं आणि नौका डावीकडे साडेअकरा अंशांनी कलली.

पण घात झाला तो पुढच्या काही मिनिटांत. पाणी डायनॅमोंपर्यंत पोहोचलं. नौकेवर एकूण आठ डायनॅमो होते, त्यातले निम्म्याहून अधिक बंद पडले आणि नौकेच्या मागच्या भागातली वीज गेली. विमानांवर मारा करणारे मागचे तोफांचे मनोरे गप्प झाले. पाणी उपसणारे पंप थांबले. सुकाणू हाताबाहेर गेलं. पंखे, दिवे, फोन सगळं बंद. 'नौका ताब्यात नाही' हे सांगणारे दोन काळे गोळे डोलकाठीवर चढवावे लागले. त्यानंतर आणखी टॉर्पेडो लागले आणि दुपारी दीड वाजायच्या आत 'प्रिन्स ऑफ वेल्स' समुद्रतळाशी गेली. 'रिपल्स' तिच्याआधीच बुडाली होती. दोन्ही नौकांवर मिळून ८४० जणांचा जीव गेला.

चिलखत जिथल्या तिथे होतं, तोफा होत्या, दारूगोळाही होता. नव्हती ती फक्त वीज. ती कुठे तयार होते आणि कुठल्या वाटेनं जाते, यावर हजार-दीड हजार माणसांचा जीव अवलंबून असायचा. म्हणूनच जुन्या युद्धनौकांचं वायरिंग हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे.

युद्धनौकेला एवढी वीज लागायची कशाला?

दुसऱ्या महायुद्धातल्या बहुतेक मोठ्या युद्धनौका वाफेवर चालायच्या. बॉयलरमध्ये तेल जाळायचं, वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं आणि टर्बाइननं प्रोपेलर. मग विजेचं काम काय?

उत्तर असं की प्रोपेलर सोडला तर जवळपास सगळीकडेच वीज लागायची. तोफांचे मनोरे फिरवणाऱ्या मोटारी, तळघरातून गोळे वर आणणारे पाळणे, सुकाणूचे पंप, पाणी उपसणारे आणि आग विझवणारे पंप, बॉयलर रूममधले पंखे, रडार, रेडिओ, शोधदिवे, फोन, शीतगृह, भटारखाना आणि लोखंडी पेटीसारख्या बंद खोल्यांमधले हजारो दिवे. नौकेच्या खालच्या मजल्यांवर खिडकी नसते. वीज गेली की भर दुपारी तिथे मिट्ट काळोख होतो आणि हवा कोंडते.

म्हणजे ही नौका एक छोटं शहर होती. फरक एवढाच की शहरातल्या विजेच्या तारांवर रोज कुणी तोफगोळे मारत नाही.

सुरुवात कुठून झाली?

ब्रिटिश नौदलाची 'एचएमएस इन्फ्लेक्झिबल' ही १८८१ मध्ये सेवेत आलेली नौका विजेचे दिवे असलेल्या पहिल्या युद्धनौकांपैकी एक. तिच्यावरच्या दिव्यांसाठी ८०० व्होल्टची यंत्रणा वापरली होती. विजेच्या सुरक्षिततेबद्दल तेव्हा कुणाला फारसं काही माहीत नव्हतं. १८८२ मध्ये या नौकेवर विजेचा धक्का बसून एकाचा मृत्यू झाला. ब्रिटिश नौदलातला विजेनं झालेला हा पहिला मृत्यू मानला जातो. त्यानंतर नौदलानं व्होल्टेज थेट ८० पर्यंत खाली आणलं. अमेरिकेच्या 'यूएसएस ट्रेंटन'वर १८८३ मध्ये विजेचे दिवे लागले.

त्या काळी नौकेवरची वीज सांभाळायची कुणी? ब्रिटिश नौदलात हे काम टॉर्पेडो विभागाकडे होतं. कारण साधं होतं. पाण्याखालचे सुरुंग विजेनं उडवायचे असायचे, त्यामुळे तारा, बॅटऱ्या आणि सर्किट कळणारी माणसं याच विभागात होती. मग दिवे आले, मोटारी आल्या आणि सगळं ओझं त्यांच्याच गळ्यात पडलं. वेगळा विद्युत विभाग तिथे १९४६ मध्ये सुरू झाला.

या इतिहासाची एक खूण भारतातही आहे. जामनगरजवळची 'आयएनएस वलसुरा' ही आज भारतीय नौदलाची विद्युत प्रशिक्षण संस्था आहे. पण १९४२ मध्ये ती सुरू झाली होती टॉर्पेडो शाळा म्हणून.

वीज तयार व्हायची कशी?

'प्रिन्स ऑफ वेल्स'वर सहा डायनॅमो वाफेवर चालणारे होते आणि दोन डिझेलवर. प्रत्येकाची क्षमता सुमारे ३३० किलोवॉट. वीज होती २२० व्होल्टची आणि डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी.

आता थोडा हिशोब. २२० व्होल्टवर ३३० किलोवॉट वाहून न्यायचे तर दीड हजार अँपिअर करंट लागतो. आपल्या घरातल्या एमसीबीवर साधारण १६ किंवा ३२ असा आकडा लिहिलेला असतो. तो अँपिअरचाच. म्हणजे एकेका डायनॅमोमधून निघणारी केबल किती जाड असेल याचा अंदाज करा. तांब्याच्या या केबलींवर रबराचं आणि त्यावर शिशाचं वेष्टण असायचं. वजन प्रचंड, वळवणं अवघड.

अमेरिकेनं १९३० च्या दशकात आपल्या नव्या युद्धनौकांवर एसी वीज आणायला सुरुवात केली. एसीवरच्या मोटारी साध्या, कमी देखभालीच्या. व्होल्टेज जास्त ठेवता येतं, म्हणून तेवढ्याच कामाला करंट कमी लागतो आणि केबल बारीक चालते. १९४३ मध्ये सेवेत आलेल्या 'यूएसएस आयोवा'वर १,२५० किलोवॉटचे आठ टर्बो जनरेटर होते, म्हणजे एकूण १०,००० किलोवॉट. शिवाय अडचणीच्या वेळेसाठी २५० किलोवॉटचे दोन डिझेल जनरेटर. 'प्रिन्स ऑफ वेल्स'च्या तिपटीहून जास्त वीज. ब्रिटिश नौदल मात्र महायुद्ध संपेपर्यंत मोठ्या नौकांवर डीसीच वापरत राहिलं.

केबल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेली की झालं, नाही का?

घरात तसं चालतं. मीटरपासून बोर्ड, बोर्डापासून खोली. पण युद्धनौकेचं वायरिंग आखणाऱ्याला आधी वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं : ही केबल अर्ध्यात तुटली तर काय?

यावर दोन मोठ्या पद्धती निघाल्या.

पहिली 'रिंग मेन'. ब्रिटिश नौदलाची आवडती. शहराभोवतीच्या रिंगरोडसारखी जाड केबलची एक वर्तुळाकार वाट नौकेच्या आतून फिरवायची. सगळे डायनॅमो याच रिंगला वीज देणार आणि सगळी यंत्रं याच रिंगमधून वीज घेणार. रिंगरोड एका ठिकाणी बंद झाला तर उलट्या बाजूनं जाता येतं. तसंच इथे. एका जागी केबल तुटली, तर दोन्ही बाजूंचे ब्रेकर उघडून तेवढा तुकडा वेगळा काढायचा. बाकीच्यांना दुसऱ्या बाजूनं वीज मिळत राहते.

अडचण येते रिंग दोन ठिकाणी तुटल्यावर. मग मधल्या भागात एखादा चालू डायनॅमो असेल तरच तिथे वीज राहणार. शिवाय खारं पाणी विजेचं चांगलं वाहक असतं. बुडालेला भाग वेळेत वेगळा काढला नाही, तर तिथलं शॉर्टसर्किट धडधाकट भागालाही आपल्यासोबत ओढून नेतं.

दुसरी पद्धत अमेरिकेची. प्रत्येक जनरेटर गटाला स्वतःचा स्विचबोर्ड. तोफा, सुकाणू, पंप अशा जिवाच्या यंत्रांना दोन वेगवेगळ्या स्विचबोर्डांकडून दोन केबली. एक नेहमीची, दुसरी पर्यायी. या दोन्ही शक्यतो नौकेच्या वेगवेगळ्या बाजूंनी न्यायच्या, म्हणजे एकाच टॉर्पेडोत दोन्ही तुटणार नाहीत. काही यंत्रांना आपोआप बदलणारा स्विच असायचा. पहिली वीज गेली की तो दुसरीवर जायचा. सोसायटीत लाइट गेल्यावर लिफ्ट जनरेटरवर जाते, ती याच तत्त्वावर.

भिंतींचं आणि वायरींचं भांडण

बुडू नये म्हणून युद्धनौकेचं पोट शेकडो छोट्या कप्प्यांमध्ये विभागलेलं असतं. एका कप्प्यात पाणी शिरलं तरी शेजारचा कोरडा राहावा, अशी कल्पना. जितक्या अखंड भिंती, तितकी नौका सुरक्षित.

पण वीज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायची तर केबल या भिंतींमधूनच जाणार, आणि प्रत्येक केबलसाठी भिंतीला भोक पाडावंच लागणार. एका मोठ्या नौकेत अशी हजारो भोकं असतात.

त्यावरचा उपाय म्हणजे ग्लँड. भोकात धातूची नळी बसवायची, तिच्यातून केबल न्यायची आणि उरलेल्या फटीत पॅकिंग ठासून वरून नट आवळायचा. काम बारीक होतं. एखादा ग्लँड सैल राहिला, किंवा जुनी केबल काढल्यावर भोक नीट बुजवलं नाही, तर शांततेच्या काळात ते कुणाच्या लक्षातही येत नाही. नौकेत पाणी शिरतं त्या दिवशी मात्र तिथून धार लागते.

म्हणून वायरिंगची प्रत्येक आखणी ही तडजोड होती. पर्यायी वाटा वाढवल्या की भोकं वाढतात. भोकं कमी ठेवली की वीज पोहोचवायच्या वाटा कमी होतात.

सगळ्या वायरी विजेसाठीच नव्हत्या

युद्धनौकेतल्या बऱ्याच वायरींमधून ताकद नाही, तर माहिती जायची. याची तीन उदाहरणं बघा.

एक, नेम धरण्याची यंत्रणा. शत्रूची नौका दिसणार उंचावरच्या 'डायरेक्टर'मधून. गणित होणार चिलखताखालच्या खोलीत, दातेरी चाकांच्या यांत्रिक कॉम्प्युटरवर. आणि तोफा तिसरीकडे. डायरेक्टर किती अंश वळला, हे बाकीच्यांना कळणार कसं? त्यासाठी 'सिंक्रो' नावाची मोटारीसारखी दिसणारी जोडी असायची. एका टोकाचा सिंक्रो जितका फिरेल, तितकाच दुसऱ्या टोकाचा फिरतो. दोघांमध्ये फक्त पाच तारा. असे शेकडो सिंक्रो सतत कोन, अंतर, वेग पाठवत असायचे. त्यातली एक तार तुटली तरी कोट्यवधींची तोफ चुकीच्या दिशेला वळू शकते.

ही यंत्रणा किती पक्की होती बघा. आयोवा वर्गातल्या 'मिसूरी' आणि 'विस्कॉन्सिन' या नौका १९९१ च्या आखाती युद्धात लढल्या, तेव्हाही त्यांच्या १६ इंची तोफांचं गणित महायुद्धाच्या काळातल्या याच यांत्रिक कॉम्प्युटरवर होत होतं.

दोन, विजेशिवाय चालणारे फोन. बोलणाऱ्याच्या आवाजानं फोनमधला पातळ पडदा थरथरतो, त्यातून किंचितशी वीज तयार होते आणि तीच तारेतून जाऊन पलीकडच्या माणसाच्या कानाशी पुन्हा आवाज होते. बॅटरी नको, जनरेटर नको. अख्ख्या नौकेची वीज गेली तरी तार शाबूत असेल तर बोलणं चालू. अमेरिकी नौकांवर अशा फोनच्या कितीतरी स्वतंत्र लाइन असायच्या.

तीन, चुंबकीय सुरुंगांपासून बचाव. महायुद्धाच्या सुरुवातीला जर्मनीनं असे पाणसुरुंग टाकले, जे वरून जाणाऱ्या पोलादी नौकेच्या चुंबकीय परिणामानंच फुटायचे. नोव्हेंबर १९३९ मध्ये इंग्लंडच्या शूबरीनेसजवळ चिखलात असा एक सुरुंग सापडला. तो निकामी करून उघडल्यावर त्याचं गुपित कळलं. उपाय म्हणून नौकेभोवती जाड केबलचे वेढे बसवले गेले आणि त्यातून ठरावीक करंट सोडून नौकेचं स्वतःचं चुंबकत्व झाकलं जाऊ लागलं. याला 'डीगॉसिंग' म्हणतात. म्हणजे तयार असलेल्या नौकांच्या वायरिंगमध्ये आणखी किलोमीटरभर केबलची भर.

एवढ्या गुंत्यात नेमकी वायर सापडायची कशी?

तर प्रत्येक केबलला नाव असायचं. अमेरिकी नौदलात केबलवर धातूचा बिल्ला असे आणि त्यावर अक्षरं. ताकदीच्या विजेला 'पी', दिव्यांना 'एल', नौकेतल्या अंतर्गत संपर्काला 'सी', तोफांच्या नेमाला 'जी', डीगॉसिंगला 'डी'. बिल्ल्याचा रंगही बोलायचा. लाल म्हणजे जिवाची केबल, पिवळा म्हणजे मध्यम महत्त्वाची आणि राखाडी म्हणजे गेली तरी लढाई अडणार नाही अशी.

जागेलाही पत्ता असतो. महायुद्धानंतर रूढ झालेल्या पद्धतीत '३-७५-४' असं लिहिलं असेल तर पहिला आकडा मजल्याचा, दुसरा नाकाकडून मोजलेल्या चौकटीचा आणि तिसरा बाजूचा. सम आकडा डावीकडे, विषम उजवीकडे. हे गणित एकदा डोक्यात बसलं की नवखा खलाशीसुद्धा अंधारात टॉर्च घेऊन योग्य खोली शोधू शकतो.

अर्थात, हे सगळं तेव्हाच उपयोगी पडतं जेव्हा वायरिंगशी कुणी खेळ केलेला नसतो.

'साउथ डकोटा'ची रात्र

१४ नोव्हेंबर १९४२ ची रात्र. पॅसिफिकमधल्या ग्वाडलकनाल बेटाजवळ अमेरिकेच्या 'वॉशिंग्टन' आणि 'साउथ डकोटा' या दोन युद्धनौका जपानी ताफ्यासमोर उभ्या ठाकल्या. ऐन लढाईत 'साउथ डकोटा'ची वीज गेली. रडार बंद, रेडिओ बंद, बहुतेक तोफा बंद.

त्या वेळी तिच्या विजेच्या यंत्रणेला शत्रूचा गोळा लागलेला नव्हता. असं सांगितलं जातं की दुरुस्तीच्या वेळी एक सर्किट ब्रेकर नियम मोडून बंद अवस्थेतच अडकवून ठेवला होता, म्हणजे बिघाड झाला तरी तो पडणार नाही असा.

घरात एमसीबी सारखा पडतो म्हणून त्याला चिकटपट्टी लावणारे लोक असतात. हे तसंच. ब्रेकरचं काम असतं बिघाड झालेला छोटा भाग तोडून बाकीच्यांना वाचवणं. तो पडलाच नाही, तर बिघाडाचा भार वरच्या मोठ्या ब्रेकरवर जातो. तो पडला की त्याच्यामागची सगळी यंत्रं बंद. मग त्याच्या वरचा. एका कोपऱ्यातला दोष अशा रीतीनं नौकाभर पसरतो.

वीज थोड्या वेळात परत आली, पण तोपर्यंत व्हायचं ते झालं. अंधारात वाट चुकलेली 'साउथ डकोटा' मागे जळणाऱ्या मित्रनौकांच्या उजेडात स्पष्ट दिसू लागली. जपानी शोधदिवे तिच्यावर स्थिरावले. तिला २५ हून अधिक गोळे लागले. वरच्या मजल्यांवरची रडार आणि नेम धरायची यंत्रणा निकामी झाली. जवळपास ४० जण मारले गेले. सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे असताना 'वॉशिंग्टन'नं रडारच्या मदतीनं जपानच्या 'किरिशिमा'ला गाठलं आणि लढाई अमेरिकेनं जिंकली. 'साउथ डकोटा' बुडाली नाही, ती दुरुस्त होऊन परत आली.

बुडालेल्या नौकांनी काय शिकवलं?

'प्रिन्स ऑफ वेल्स'च्या महिनाभर आधीच ब्रिटननं 'आर्क रॉयल' ही विमानवाहू नौका गमावली होती. १३ नोव्हेंबर १९४१ रोजी जिब्राल्टरजवळ जर्मन पाणबुडीचा एकच टॉर्पेडो तिला लागला. पाणी बॉयलरपर्यंत पोहोचलं. बॉयलर थांबले म्हणून वाफ थांबली, वाफ थांबली म्हणून डायनॅमो थांबले आणि डायनॅमो थांबले म्हणून पंप. राखीव डिझेल जनरेटर नौकेवर नव्हतेच. 'लाफोरी' ही विनाशिका तिला चिकटून उभी राहिली आणि तिनं स्वतःची वीज पुरवली, पण ती पुरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी 'आर्क रॉयल' बुडाली. सुदैवानं जीव फक्त एकाचा गेला. नंतरच्या चौकशीत राखीव डिझेल विजेचा अभाव हा दोष म्हणून नोंदवला गेला.

या सगळ्यातून निघालेले धडे साधे होते. सगळे जनरेटर वाफेवर ठेवू नका. ते जवळजवळ ठेवू नका. आणि सगळी केबल तुटली असं गृहीत धरून आणखी एक वाट हाताशी ठेवा.

ही शेवटची वाट म्हणजे अमेरिकी नौकांवरची 'कॅज्युअल्टी पॉवर' यंत्रणा. भिंतींमध्ये आणि मजल्यांमध्ये आधीच पाणीबंद जोडण्या बसवलेल्या. दोन्ही बाजूंनी केबल लावता येईल अशा. शेजारी भिंतीवर सुट्या केबलची गुंडाळी टांगलेली. कायमचं वायरिंग निकामी झालं की खलाशी ही केबल एका जोडणीपासून दुसरीपर्यंत टाकत जाणार. कप्प्याचं दार उघडं ठेवावं लागत नाही, म्हणजे वीज जाते पण पाणी जात नाही.

यातली एक गोष्ट खास बघण्यासारखी आहे. केबलच्या तीन तारा काळ्या, पांढऱ्या, लाल. पण धुरानं भरलेल्या खोलीत रंग दिसणार कसा? म्हणून पहिल्या तारेवर दोऱ्याचा एक वेढा, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन. बोटांनी चाचपायचं आणि जोडायचं.

आणि नियमही ठरलेला. जोडताना सुरुवात पंपाच्या बाजूनं करायची आणि विजेच्या बाजूला शेवटी यायचं. काढताना बरोबर उलट. म्हणजे हातात धरलेल्या केबलमध्ये कधीच जिवंत करंट नसतो. पाण्यात उभं राहून काम करणाऱ्या माणसाला याहून मोठा आधार नाही.

लढाई संपली, वायरी राहिल्या

युद्धनौका ३०-४० वर्षं चालते. त्या काळात तिची रडारं बदलतात, शस्त्रं बदलतात. प्रत्येक वेळी नवी केबल टाकली जाते. जुनी मात्र बऱ्याचदा दोन्ही टोकांना कापून तिथेच सोडून दिली जाते, कारण ती ओढून काढायची तर दहा भिंतींचे ग्लँड उघडावे लागतात. जुन्या नौकांच्या केबल ट्रेमध्ये असे मेलेल्या वायरींचे थरच्या थर सापडतात. नकाशे अर्धवट, बिल्ले गळालेले. आता संग्रहालय झालेल्या अशा नौकेवर एखादा जुना दिवा पुन्हा लावायचा, तरी आधी कोणती वायर जिवंत आहे ते शोधावं लागतं.

धोका विजेचाच असतो असं नाही. त्या काळात केबल जळू नये म्हणून वेष्टणात अ‍ॅस्बेस्टॉस आणि पीसीबी नावाची रसायनं वापरली जायची. दोन्ही गोष्टी माणसाच्या आरोग्याला घातक. अमेरिकेनं २००६ मध्ये 'ओरिस्कनी' ही जुनी विमानवाहू नौका कृत्रिम प्रवाळ बेटासाठी फ्लोरिडाजवळ समुद्रात बुडवली. बरीच साफसफाई करूनही तिच्यात ३०० किलोहून अधिक पीसीबी राहिल्याचा अंदाज होता, आणि त्यातला मोठा भाग केबलच्या वेष्टणात होता.

मुंबईकरांना हा विषय परका नाही. १९७१ चं युद्ध गाजवणारी 'विक्रांत' २००१ ते २०१२ या काळात मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. तिची बांधणी १९४३ मध्ये 'हर्क्युलिस' नावानं इंग्लंडमध्ये सुरू झाली होती आणि पूर्ण झाली १९६१ मध्ये बेलफास्टला. नंतर भारतात सी हॅरिअर विमानांसाठी तिच्यात मोठे बदल झाले. शेवटी २०१४ मध्ये दारूखान्यात ती तोडायला घेतली गेली.

नौका तोडताना पोलादासोबतच तांब्यालाही चांगला भाव असतो, आणि तांबं असतं केबलमध्ये. वेष्टण हातानं सोलायला वेळ लागतो, म्हणून भंगाराच्या धंद्यात केबल जाळून तांबं काढण्याचा प्रकार चालतो. वेष्टणात काय आहे हे माहीत नसताना त्या धुरात उभं राहणारा कामगार सगळ्यात जास्त धोक्यात असतो. जहाजं सुरक्षितपणे तोडण्याच्या नियमांमध्ये केबलकडे वेगळं लक्ष दिलं जातं, ते यासाठीच.

आज काय बदललंय?

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नौदलात दाखल झालेल्या नव्या 'विक्रांत'मध्ये २,००० किलोमीटरहून जास्त लांबीच्या केबली आहेत. आजच्या युद्धनौकांवर माहिती वाहून नेण्यासाठी काचेच्या तंतूंची ऑप्टिकल फायबर केबल असते. नौकेचे विभाग पाडून प्रत्येक विभागाला स्वतःची वीज मिळेल अशी रचना केली जाते. जळताना कमी धूर आणि कमी विषारी वायू सोडणारी वेष्टणं वापरली जातात.

तरी मूळ प्रश्न सुटलेला नाही. ब्रिटनच्या 'टाइप ४५' या अत्याधुनिक विनाशिकांची वीज उष्ण समुद्रात अचानक जायची. २०१६ मध्ये हे प्रकरण गाजलं आणि शेवटी सगळ्या सहा नौकांमध्ये नवे, जास्त ताकदीचे डिझेल जनरेटर बसवायचं ठरलं. ७५ वर्षांपूर्वी 'आर्क रॉयल'च्या चौकशीत निघालेला धडाही डिझेल जनरेटरचाच होता.

त्यामुळे पुढच्या वेळी एखाद्या युद्धनौकेचं संग्रहालय बघायला गेलात, तर तोफांसोबत फोटो काढून झाल्यावर एकदा मान वर करून छताकडेही बघा. राखाडी रंगाखाली झाकलेल्या त्या जाड केबली, भिंतीतून जाताना लागणारे ग्लँड आणि एखाद्या कोपऱ्यात टांगलेली सुट्या केबलची गुंडाळी तिथे दिसेल. ती गुंडाळी तिथे आहे, कारण आधीच्या कुठल्या तरी नौकेवर ती नव्हती.